भंडारा नारिंगी कसा झाला?

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या एका छायाचित्र स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. तीन परीक्षक, शाळेचा हॉल, दोरीला चिमट्यांनी टांगलेले १२ बाय १८ चे प्रिंट आणि तासातासाला येणारा चहा. शेवटी पहिल्या नंबरासाठी दोन फोटो उरले. त्यातला एक जेजुरीचा, सोमवती अमावस्येचा. पायऱ्यांवर मुंगी शिरणार नाही अशी गर्दी, वर उधळलेल्या भंडाऱ्याचा ढग, आणि त्या ढगातून वर आलेला एक हात, मुठीत खोबऱ्याची वाटी. फोटोसमोर आम्ही तिघंही जरा गप्प झालो. मग एका परीक्षकांनी त्या पोराला बोलावून विचारलं, "प्रीसेट मारलाय का रे?" म्हणजे एका बटणावर फोटोचे रंग बदलणारा तयार साचा. पोरगा पंचविशीतला, लग्नांची कामं करणारा, बिनधास्त. म्हणाला, "हो सर. मग?"

त्या "मग?"वर आमचा पाऊण तास गेला. एक जण म्हणाले, ही कला नव्हे, कुणीतरी बनवलेला तयार मसाला आहे, ह्याने फक्त पुडी फोडली. दुसरे म्हणाले, मसाला घरी कुटला की विकत आणला ते जेवणाऱ्याला कशाला, आमटी चांगली झाली ना? मीही अधूनमधून दोन्ही बाजूंनी डोकं हलवलं. शेवटी वाद नको म्हणून बक्षीस दुसऱ्या फोटोला गेलं, आणि सगळे आपापल्या मताला चिकटून घरी गेले. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना भंडाऱ्याची डबी उघडली आणि हात तसाच राहिला. डबीतला भंडारा हळदीचा पिवळा होता. फोटोतला नारिंगी होता, केशरी पेढ्यासारखा. पाऊण तास आम्ही फसवणूक, मेहनत, कला असले मोठाले शब्द एकमेकांवर फेकत होतो आणि खंडोबा कुलदैवत असलेल्या माझ्यासकट एकालाही हे दिसलं नव्हतं.

हा सगळा वादच चुकीच्या टोकाने धरला जातो असं माझं मत आहे. बटण दाबलं की नाही, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ऑटो, म्हणजे फोटो आपोआप सुधारणारं बटण, वापरा, प्रीसेट वापरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते बटण म्हणजे कुणाचं तरी मत असतं, आणि ते तुमच्या फोटोवर तुमच्या सहीने जातं. सही करण्याआधी कागद वाचावा, एवढंच माझं म्हणणं. आणि हे 'एवढंच' फार कमी लोक करतात. प्रीसेटला नाकं मुरडणारेही करत नाहीत, प्रीसेट विकणारेही करत नाहीत.

आधी एक गोंधळ दूर करू. ऑटो आणि प्रीसेट ही एकच चीज नव्हे. प्रीसेट म्हणजे जतन करून ठेवलेले आकडे: एक्स्पोजर इतकं, काँट्रास्ट इतका, हिरवा इतका कमी, सावल्यांत निळसर झाक इतकी. फोटो कोणताही असो, आकडे तेच. रेडीमेड सदरा. ऑटो मात्र फोटो बघून आकडे ठरवतं, म्हणजे माप घेणारा शिंपी. पण असा शिंपी, की ज्याच्या मते चांगला दिसणारा माणूस एकाच बांध्याचा असतो, आणि समोर कुणीही उभा राहिला तरी तो कपडा त्या बांध्याकडे ओढतो. फोटोत नसलेली माणसं, झाडं, ढग उभे करणारी नवी अवजारं हे तिसरंच प्रकरण आहे आणि त्याला इथे ओढण्यात अर्थ नाही, कारण तिथे प्रश्न रंगाचा उरतच नाही.

ऑटोचा हा आवडता बांधा कुठून आला? त्याची मुळं जुनी आहेत. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परतवणारं, आहे असं धरून चालतो. बहुतेक वेळा हे चालून जातं. पण चौकटभर काळी म्हैस असेल तर तो म्हशीला उजळून करडी करतो, आणि चौकटभर बर्फ असेल तर बर्फाला मळकट करतो. वेरूळच्या कैलासाचा काळा दगड कितीतरी फोटोंत सिमेंटसारखा दिसतो, तो ह्याच न्यायाने. 'ऑटो लेव्हल्स' हा प्रकार फोटोतला सर्वांत गडद ठिपका काळ्यापर्यंत आणि सर्वांत उजळ ठिपका पांढऱ्यापर्यंत ताणतो. उन्हातल्या फोटोला त्याने जान येते. आंबोलीच्या धुक्यातल्या फोटोवर तेच चालवा: त्याला दिसतं की इथे ना काळं आहे ना पांढरं, म्हणजे काहीतरी बिघडलंय. मग ते इमानदारीत बिघाड दुरुस्त करतं, आणि धुकं निघून जातं. तुम्ही पहाटे चारला उठून गेला होतात ते त्या धुक्यासाठी. रंगाचंही तसंच. आपोआप व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची झाक काढून पांढरं ते पांढरं दाखवणं, ठरवण्याची सर्वांत जुनी आणि सोपी पद्धत मानते, की जगातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती राखाडी निघते. एकाच रंगाचा जोर दिसला की तो दिव्याचा दोष समजायचा आणि काढून टाकायचा. आता ह्या समजुतीपुढे हळदीचा कार्यक्रम ठेवा. जोतिबाची चैत्र यात्रा ठेवा, जिथे माणसं, भिंती, सासनकाठ्या सगळं गुलालात बुडालेलं असतं. जेजुरी ठेवा. 'सोन्याची जेजुरी' हा त्या गणिताच्या लेखी प्रकाशदोष आहे.

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर ९ सप्टेंबर २०२० ची सॅन फ्रान्सिस्कोची सकाळ आठवा. वणव्यांच्या धुराने त्या दिवशी आख्खं आकाश गडद नारिंगी झालं होतं. भरदिवसा दिवे लावावे लागले. लोकांनी मोबाइल बाहेर काढले, फोटो काढले, आणि पडद्यावर आकाश राखाडी, ढगाळ, अगदी नेहमीसारखं. फोनने नारिंगीला चूक समजून ती सुधारली होती. शेवटी व्हाइट बॅलन्स हाताने धरून ठेवणारी अ‍ॅप वापरून लोकांनी खरा रंग पकडला. डोळ्यांपुढे आकाश पेटलंय आणि हातातलं यंत्र म्हणतंय, छे, काही झालेलं नाही. जिथे फोटोची खरी गरज होती, नेमक्या तिथे सरासरी तोंडावर पडली. सरासरीचा स्वभावच तो. रोजच्या दिवसाचं तिला कळतं, आगळ्या दिवसाचं कळत नाही. आणि आपण कॅमेरा काढतो तो बहुधा आगळ्या दिवशीच.

इथपर्यंत वाचून प्रीसेटविरोधी मंडळी खूश झाली असतील. त्यांनी फार खूश होऊ नये. त्यांचा मूळ दावा असा, की हात न लावलेला फोटो शुद्ध आणि हात लावलेला भ्रष्ट. असा शुद्ध फोटो मला दाखवा. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्याला मुळात एकच रंग दिसतो, लाल, हिरवा किंवा निळा; बाकीचे दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरले जातात. ही रचना कोडॅकच्या ब्राइस बेयरची, १९७६ सालच्या पेटंटमधली, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. त्यावर काँट्रास्ट, शार्पनेस, रंगांची पट्टी चढवून जेपेग तुमच्या हाती येतं. 'मी काहीच एडिट करत नाही, कॅमेऱ्यातून निघेल तसा' असं छाती काढून सांगणारा माणूस प्रत्यक्षात जपानमधल्या कुठल्यातरी इंजिनियरचा प्रीसेट वापरत असतो. बरं, फिल्मच्या काळात काय वेगळं होतं? १९३५ पासून कोडाक्रोमचे रंग वेगळे, १९९० मध्ये आलेल्या फुजीच्या वेल्व्हियाचे आणखी वेगळे, निसर्गाला हिरवा रंग पुन्हा मारल्यासारखे. रोल निवडला की निम्मा फोटो ठरला. पुढे रोल लॅबला धुवायला टाकला की तिथला ऑपरेटर पडद्यावर बघून दोन कळा इकडे, दोन तिकडे दाबायचा. आमच्या लॅबमधला ऑपरेटर सुट्टीवर गेला की महिनाभर गावातल्या सगळ्या नवऱ्यामुलांचे चेहरे लाल यायचे, आणि 'परत मार रे' म्हणत लोक पाकिटं परत आणायचे. तेव्हा कुणी ह्याला फसवणूक म्हटलेलं मला आठवत नाही.

मोठ्या नावांकडे बघायचं तर अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. ती एकच निगेटिव्ह त्याने पुढली कित्येक वर्षं पुन्हापुन्हा छापली. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे फिकट पट्टे आहेत. नंतरच्यांत आकाश काळंभोर होत गेलं. ह्यातला मूळ फोटो कुठला? निगेटिव्हला तो गायकाच्या बंदिशीसारखं मानत असे, प्रिंट म्हणजे त्या दिवशीची मैफल. मग आमचा जेजुरीवाला पोरगा अशी मैफल करतो तेव्हाच त्याचं शुद्धतेचं प्रमाणपत्र का मागायचं?

त्याला मैफल करता येते का, हा मात्र रास्त प्रश्न आहे. विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच, आणि तो मला मान्य आहे: तयार आकडे वापरणाऱ्याची नजर तयार होत नाही. ज्याने अंधाऱ्या खोलीत घड्याळाचे सेकंद मोजत प्रिंट काढले, त्याला सावलीतला तपशील म्हणजे काय हे बोटांनी कळलेलं असतं. ज्याने निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने रिटचिंग केलं, त्याला चेहऱ्यावरची कुठली रेघ ठेवायची आणि कुठली घालवायची हे ठरवावं लागलं. पहिल्याच दिवशी दोनशे प्रीसेटचा गठ्ठा मिळालेल्या मुलाला ह्यातलं काहीच ठरवावं लागत नाही; तो एकेकावर बोट फिरवतो, आवडलं की थांबतो. 'आवडलं' आणि 'कळलं' ह्यांत अंतर आहे. हे सगळं कबूल. पण ह्यावरून बटणावर बंदी घालावी असं निघतं का?

आपल्याकडे अशी एक बंदी होऊन गेली आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, दार बंद केलं. आक्षेप काय होते? पेटीचे स्वर कारखान्यातून बसवून येतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती तिच्यात नाहीत. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. दरबारी रागातला, आंदोलन घेणारा म्हणजे झुलता गंधार तिच्यातून निघत नाही. कुणीही उठावं, पट्टी दाबावी, स्वर हजर. गळा तयार करण्याची गरजच काय? नीट ऐकलंत तर हे प्रीसेटवरचेच आक्षेप आहेत. आणि गंमत म्हणजे ह्यातला एकही खोटा नव्हता. पेटीला खरोखरच मींड येत नाही. तरीही १९७१ पर्यंत, म्हणजे तीन दशकं टिकलेली ती बंदी चूकच होती. त्याच काळात मराठी नाटक, कीर्तन, गावोगावची भजनी मंडळं पेटीवर उभी होती. गोविंदराव टेंब्यांची पेटी लोक मुद्दाम ऐकायला जात असत. बंदी घालणाऱ्यांना वाद्य कळलं होतं, वाजवणारा कळला नव्हता. चांगल्या पेटीवाल्याला आपल्या पेटीत कुठला स्वर नाही हे पक्कं ठाऊक असतं. गायक दरबारीच्या गंधारावर गेला की तो बोट उचलतो, किंवा नुसता स्पर्श करून बाजूला होतो. कच्चा पेटीवाला तिथेच जोरात पट्टी दाबून बसतो. फरक पेटीत नसतो. प्रीसेट वापरणाऱ्यांकडून मला एवढीच अपेक्षा आहे, की बोट कुठे उचलायचं ते ठाऊक असावं. आमच्या जेजुरीच्या फोटोत ते पिवळ्या रंगावर उचलायला हवं होतं.

आता दुसऱ्या पंथाकडे वळतो. 'शेवटी फोटो कसा दिसतो तेवढंच बघा' म्हणणारे. त्यांची बाजूही पोकळ नाही. दोन दिवसांच्या लग्नात एक फोटोग्राफर चार-पाच हजार फ्रेम सहज मारतो. वधूपिता आठव्या दिवशी फोन करतो, "अल्बम कधी?" त्या फ्रेम एकेक करून स्लायडर ओढत बसायचं म्हटलं तर पुढचं लग्न सुटतं. बॅच लावून, एकाच प्रीसेटवर सगळा हॉल एका रंगात आणणं ही तिथे चैन नव्हे, धंद्याची गरज आहे. शिवाय महागड्या संस्थेत न शिकलेल्या, सेकंडहँड लॅपटॉपवर काम करणाऱ्या पोरांना ह्या तयार आकड्यांनी बाजारात उभं केलं, हेही विसरून चालणार नाही. १८८८ मध्ये ईस्टमनच्या कोडॅकने हेच तर केलं. २५ डॉलरचा कॅमेरा, आत शंभर फोटोंची फिल्म. संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला, कंपनीकडे पाठवा, १० डॉलरमध्ये प्रिंट आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत. 'तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो' ही त्यांची जाहिरात. त्या बटणामुळे घराघरातली माणसं फोटोत आली, ज्यांना स्टुडिओची पायरी चढणं परवडलं नसतं.

पण त्या जाहिरातीतला दुसरा भाग बघा. 'बाकीचं आम्ही.' हे 'आम्ही' कोण? रंगीत प्रिंटच्या जमान्यात कोडॅक लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर दिसली की यंत्र बरोबर लागलं, असा नियम. त्या मापाने गडद वर्णाचे चेहरे कित्येक दशकं डोळे आणि दात तेवढे दिसतील असे छापले गेले. पुढे फिल्ममध्ये गडद छटा सुधारल्या, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, असं कोडॅकच्याच जुन्या माणसांनी अभ्यासकांना सांगितलं आहे. माणसांच्या चेहऱ्याआधी शिसवी कपाटाची दाद लागली म्हणायची. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेली कार्डं १९९० च्या दशकात आली. आणि मोबाइलमध्ये गडद त्वचा नीट यावी म्हणून गूगलने पिक्सेल ६ बरोबर 'रिअल टोन' आणलं, ते थेट २०२१ मध्ये. 'छान दिसतं की' ह्या वाक्यात कुणाच्या डोळ्याला छान, हे गृहीत धरलेलं असतं. लाइटरूम ह्या फोटो एडिट करण्याच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटो २०१७ पासून व्यावसायिकांनी एडिट केलेल्या हजारो फोटोंवरून शिकवलेलं आहे. म्हणजे एका माणसाच्या आवडीऐवजी हजारो व्यावसायिकांच्या आवडीची सरासरी. सुधारणा आहेच. पण त्या गठ्ठ्यात वासुदेवाची टोपी किती वेळा आली असेल?

आणि दोष नुसता परदेशी कार्डांवर ढकलून आपण सुटत नाही. स्थळासाठी काढलेल्या फोटोत मुलगी उजळ दिसली पाहिजे, हे आपल्या स्टुडिओंना कुठल्या सॉफ्टवेअरने शिकवलं? पावडर होती, दोन जादा दिवे होते, पेन्सिल होती. आता 'स्किन स्मूथ' आहे. लग्नाचा कुठलाही करिज्मा अल्बम उघडा आणि नवरीचा चेहरा बघून झाला की नजर खाली मेंदीच्या हातांवर न्या. चेहरा गोरापान, मऊ, साबणासारखा. हात तिचे स्वतःचे, सावळे, कोपराजवळ ऊन लागलेले. त्या दोहोंच्या मधोमध गळ्यात मंगळसूत्राखाली कुठेतरी सीमारेषा असते. डिझायनरने चेहऱ्यापुरतं काम केलं, हातांपर्यंत जायला वेळ नव्हता. त्या मुलीला कुणी विचारलं होतं का? 'तिला आवडलं की' असं उत्तर येतं. आवडलं असेलही. ती लहानपणापासून असेच अल्बम बघत मोठी झाली आहे.

प्रीसेटचा आणखी एक त्रास म्हणजे तो आपल्याबरोबर दुसऱ्या देशाचं ऊन घेऊन येतो. बाजारात सर्वांत खपणारे 'मूडी' प्रीसेट एका विशिष्ट ऋतूसाठी बनलेले दिसतात: थंड देशांतली पानगळ, तिरपं ऊन, तांबूस पानं. गवतात आणि पानांत डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा पिवळा बराच असतो, म्हणून हे प्रीसेट पिवळ्याला नारिंगीकडे सरकवतात आणि हिरव्याचा जीव काढून घेतात. तिकडे त्याने सुंदर शरद उभा राहतो. इकडे श्रावणातल्या सह्याद्रीवर तो चढवला की डोंगर फेब्रुवारीतल्यासारखा दिसतो, आणि चार महिने पावसाची वाट बघून हिरवी झालेली दरी तुम्ही स्वतःच्या हाताने वाळवून टाकता. माझ्या नारिंगी भंडाऱ्याचं कोडं इथे सुटलं. त्या प्रीसेटच्या लेखी जेजुरीचा भंडारा म्हणजे वाळकं गवत.

उलट टोकाचे प्रीसेटही आहेतच. कासच्या पठारावर सोनकी, तेरडा, सीतेची आसवं बोटाएवढ्या, नखाएवढ्या फुलांनी जमीन व्यापतात. ती वाकून, गुडघ्यावर बसून बघायची. फोटोंत मात्र जांभळा समुद्र उसळलेला. लोक सहा तास गाडी हाकत जातात आणि कुंपणाशी उभे राहून म्हणतात, "एवढंच?" फुलं तेवढीच असतात, जेवढी असायला हवीत.

इथवर सगळा प्रश्न आवडीनिवडीचा, संस्कृतीचा होता आणि त्यात मी बराच ढिला आहे. फोटो पुरावा म्हणून काम करतो तिथे मात्र मी कडक होतो. १९९४ च्या जूनमध्ये 'टाइम' आणि 'न्यूजवीक' ह्या दोन्ही साप्ताहिकांनी खुनाचा आरोप असलेल्या अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला तोच फोटो मुखपृष्ठावर छापला. 'टाइम'ने तो गडद केला होता. शेजारी शेजारी स्टॉलवर दोन अंक, एकाच माणसाचे दोन चेहरे, आणि त्यातला एक जास्त गुन्हेगार. एकही गोष्ट घातली नव्हती, काढली नव्हती. मुख्यतः उजेडच कमी केला होता. २००९ मध्ये डेन्मार्कच्या वृत्तछायाचित्र स्पर्धेत क्लाव्ह्स बो क्रिस्तेन्सेनचे हैतीचे फोटो परीक्षकांनी मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली फाइल, मागवून बाद केले, कारण रंग हाताबाहेर गेले होते. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो ह्या स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के फोटो मूळ फाइलशी ताडून बाहेर काढावे लागले. ह्या परीक्षकांनी 'बटण दाबलं का' असं विचारलं नाही. समोर काय होतं आणि तुम्ही काय दाखवलंत, हे ताडून बघितलं. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही नेमकं हेच केलं नाही.

पुरावा म्हटलं की वर्तमानपत्रच डोळ्यांपुढे येतं, पण रोजच्या जगण्यात तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. सोयाबीनची पानं पिवळी पडली म्हणून शेतकरी फोटो काढून कृषी केंद्रवाल्याला पाठवतो. कित्येक फोन 'झाडं' ओळखून हिरवा आपोआप तजेलदार करतात. नवजात बाळ पिवळसर दिसतंय म्हणून आजी फोटो काढून डॉक्टर असलेल्या भाच्याला पाठवते. पिवळा कमी करणं हे तर ऑटो व्हाइट बॅलन्सचं नेमून दिलेलं काम. इथे कुणी बटण दाबलं नाही, कुणी प्रीसेट विकत घेतला नाही, कुणाला काही सजवायचं नव्हतं. प्रीसेटवाल्या पोराला निदान माहीत असतं की त्याने काहीतरी लावलंय. आजीला माहीत नसतं. आपण हॉलमध्ये बसून त्या पोराची उलटतपासणी घेत असतो, तेव्हा हे न दाबलेलं बटण सगळ्यांच्या खिशात चालूच असतं, परीक्षकांच्याही. फोटो बघण्या-सुधारण्याच्या जुन्या पिकासा प्रोग्रॅममध्ये ऑटोच्या बटणाचं नाव 'आय अ‍ॅम फीलिंग लकी' होतं. नशिबावर हवाला. त्याच्याइतकं प्रामाणिक नाव पुन्हा कुणी ठेवलं नाही.

म्हणून पुढच्या वर्षी स्पर्धेच्या अर्जात 'एडिटिंग चालणार नाही' ही ओळ काढून टाकावी आणि मूळ फाइल जोडायला सांगावी, असं मी आयोजकांना सुचवलं आहे. शिवाय दोन ओळी लिहून द्याव्यात: काय बदललं आणि का. 'छान दिसतं म्हणून' हे उत्तरही चालेल, पण ते लिहिताना माणूस क्षणभर थांबतो. आयोजक म्हणाले, बघू. म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे.

त्या पोराला मी घरी बोलावलं. तो लॅपटॉप घेऊन आला, जरा घुश्शातच. त्याने मूळ फाइल उघडली. आकाश फिकट, गर्दी धुरकट, फोटो तसा मरगळलेला. प्रीसेटने त्यात प्राण आणला होता ह्यात वाद नाही. भंडारा मात्र पिवळा होता. मी डबी त्याच्यापुढे ठेवली. तो काही बोलला नाही. रंगांचं पॅनेल उघडलं, पिवळ्याचा ह्यू, म्हणजे रंगछटा सरकवणारा आकडा, वजा चाळीसवर होता, तो शून्यावर आणला. बाकी सगळं तसंच ठेवलं. फोटो तेवढाच जोरदार राहिला. "आता?" त्याने विचारलं. मी चिमूटभर भंडारा बोटावर घेऊन पडद्याजवळ धरला. अजून जुळत नव्हता. पडदा सगळ्याला थोडा निळा करत होता, किंवा आमच्या ट्यूबलाइटचा दोष असेल. "सर, बाहेर उजेडात जाऊ," तो म्हणाला, आणि लॅपटॉप उचलून ओट्यावर गेला.